नोटीस जवानाच्या नावावर आणि जवान ९९ एपीओला

मा. संपादक,

आमचे हे फौजेत आहेत, सध्या ईस्टला, पत्ता लिहायचा तर केअर ऑफ ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, एवढाच. सातारा जिल्ह्यात यात नवल काही नाही, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. पण मी पत्र लिहितेय ते कौतुकासाठी नाही, तहसील आणि कोर्टाच्या भानगडीसाठी.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या चुलत सासऱ्यांनी आमच्या शेतातला जुना रस्ता मोकळा करून मिळावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला, मामलेदार कोर्ट अधिनियम कलम ५ ची केस, गावाकडे याला नुसतं रस्ता केस म्हणतात. नोटीस आली ह्यांच्या नावावर कारण सातबारा ह्यांच्या नावावर. मी नोटीस घेऊन गेले आणि सांगितलं की मालक ड्युटीवर आहेत, तर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, मग वकील द्या. वकील दिला तर वकीलपत्रावर सही ह्यांचीच लागणार. ते पोस्टाने युनिटला पाठवलं, हे तेव्हा पुढच्या चौकीवर होते, कागद मागे युनिटमध्ये पडून राहिला, सही होऊन परत यायला दीड महिना गेला आणि तोवर इकडे गैरहजर म्हणून एकतर्फी आदेश होऊन बांध फुटला पण. त्याच टेबलावर सैनिकांसाठीच्या ध्वजदिनाचा छोटा झेंडा लावलेला होता, हे मुद्दाम सांगतेय, डिसेंबरमध्ये निधी गोळा करायचं टार्गेट सगळ्या ऑफिसांना असतंच.

मग हे सुट्टीवर आले. जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल, ते पण युनिट सोडेल तेव्हा. त्यातले सतरा दिवस प्रांत ऑफिसच्या बाकड्यावर गेले, फेरतपासणीच्या अर्जासाठी. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा मीटिंग, एकदा समोरच्या वकिलांना वेळ नाही. पोरगी म्हणायची बाबा सुट्टीवर आलेत की तहसीलवर.

आता मुद्द्याचं. मला वाटायचं जवानासाठी काही कायदाच नसेल. तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त सुभेदार काका भेटले आणि त्यांनी वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं, मी ऐकतच राहिले. इंग्रजांच्या काळापासून, १९२५ पासून इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट नावाचा कायदा आहे. जवान युद्धावर, परदेशात किंवा सरकारने जाहीर केलेल्या ठिकाणी नोकरीवर असेल आणि कोर्टात त्याच्या वतीने कुणी उभं नसेल तर कलेक्टर स्वतः कोर्टाला तसं कळवू शकतात, मग कोर्ट काम थांबवतं, आणि अशा वेळी त्याच्या विरुद्ध हुकूम झालाच असेल तर तो रद्द करून मागता येतो. आणि त्यातलीच एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, दावा लावणाऱ्याला माहीत असेल की समोरचा असा ड्युटीवर आहे तर त्याने दाव्यातच तसं लिहिलं पाहिजे, हे बंधन आहे त्याच्यावर.

दुसरं, आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२. जवानाने केससाठी सुट्टी मागितलीय किंवा मिळालीय असं लष्करी अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट कोर्टात दिलं आणि अर्ज केला तर कोर्टाने शक्य तितकं ते प्रकरण सुट्टी संपायच्या आत निकाली काढायचं. एअर फोर्सच्या कायद्यात पण तसंच आहे. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २८ आहे, सुट्टी मिळत नसेल तर जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून कुणालाही, बायकोला, बापाला, अधिकार देऊ शकतो, ती व्यक्ती त्याच्या जागी दावा लढवते, वकील लावते. पुढे बांधाचं प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं तेव्हा आम्ही हेच केलं, सीओ साहेबांसमोर सही करून ह्यांनी पत्र पाठवलं आणि आता तारखेला मी उभी राहते. पण हा कागद बघून आमच्याच वकीलसाहेबांनी विचारलं, हे कुठलं काय आणलंत? मोफत सल्ला त्यांना मी दिला असं म्हणायला हरकत नाही.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. २६ जुलै २०२५ ला कारगिल विजय दिवसाला श्रीनगरमध्ये नाल्साची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना सुरू झाली, न्यायमूर्ती सूर्यकांत यांच्या हस्ते, ते नंतर सरन्यायाधीश झाले. सैनिक बोर्डात कायदा मदत केंद्र, तिथे पॅनलवरचे वकील आणि विधी स्वयंसेवक, जमीन, घरगुती वाद, पैशाची देवाणघेवाण असली कामं बघायची. योजना चांगलीच आहे, पण जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे आमच्याकडून एसटीने अडीच तास, आणि शेतीची केस चालते तालुक्याला. महिन्यातून एक ठरलेला दिवस तालुक्याला बसा, बाजाराच्या दिवशी बसा, बायका येतीलच.

अजून एक सांगते कारण हे बऱ्याच जणींना माहीत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे जवानाची बायको स्वतःच्या नावाने केस लढत असेल तर मिळतो, पण केस नवऱ्याच्या नावावर असली की उत्पन्नाचा दाखला दाखवा, आणि पगार स्लिप बघून नाही म्हणतात. १५१०० ला, म्हणजे विधी सेवेच्या हेल्पलाइनला, फोन लावला तर माहिती देतात, मला दिली. आणि हो, बायकोचं भांडण जवानाशीच असेल तर तिलाही हाच कायदा आहे, तिच्या पोटगीसाठी फौजेतून पगारातून कपात करायची सोय पण आर्मी ॲक्टमध्ये आहे, ते पण लिहिलं पाहिजे, नाहीतर म्हणाल ही एकाच बाजूचं बोलते.

माझी मागणी लई मोठी नाही. रस्ता केसचा अर्ज, फेरफाराची म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलायची नोटीस, दिवाणी दावा, तिन्हीवर एक ओळ छापा, समोरचा माणूस फौजेत आहे का, असल्यास युनिट कुठलं. गावात कुणाला माहीत नसतं असं नाही हो, ह्यांच्या भरतीचे पेढे ज्या चुलत सासऱ्यांनी खाल्ले त्यांनीच अर्ज केला आणि अर्जात पत्ता लिहिला फक्त गावचा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस, आणि पंधरा दिवसांत तर ह्यांचा फोन पण लागत नाही कधी कधी. त्या ओळीत हो लिहिलं असेल तर एक प्रत कमांडिंग ऑफिसरला पाठवा, कोर्टाच्या समन्ससाठी तसा नियम आहेच, ऑर्डर ५ मध्ये, महसूलवाल्यांनी पण तेच करावं. आणि तारीख देताना विचारा सुट्टी कधी आहे.

कुणी म्हणेल सगळे जवान मग केस लांबवत बसतील. लांबवून आमचा काय फायदा, बांध तर फुटलेलाच आहे, वाहतूक पण चालू आहे त्याच्यावरून. आम्हाला उलट लवकर पाहिजे.

ह्यांनी पुढच्या महिन्यात सुट्टी टाकलीय, मंजूर झाली की सर्टिफिकेट येईल, कलम ३२ चा अर्ज टाईप करून माझ्या पिशवीत तयार आहे, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवलीय.

एका जवानाची बायको,
सातारा जिल्हा