एम१९११ए१ पिस्तुलाचे रिफिनिशिंग व फेरफार ऑर्डरविरुद्ध केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
शस्त्र दुरुस्ती व रिफिनिशिंग विभाग, टेक्सास

विषय : रेमिंग्टन रँड बनावटीचे एम१९११ए१ पिस्तूल, कॅलिबर .४५; चुकीचे काम, निकामी झालेली सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) आणि परत न आलेले मूळ भाग

महोदय,

आपल्या कार्यशाळेत दिलेले पिस्तूल परत मिळाले. काम पसंत पडले नाही एवढेच सांगायचे असते तर फोन पुरला असता. ऑर्डरच्या कागदावर 'करू नये' म्हणून जे लिहून दिले होते तेच केले गेले आहे, आणि आज हे पिस्तूल गोळी भरून हाताळणे धोक्याचे आहे. पावतीची प्रत आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पाठवलेले पिस्तूल दुसऱ्या महायुद्धातले, अमेरिकी लष्करी. फ्रेम (पिस्तुलाचा मूळ सांगाडा) आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) रेमिंग्टन रँडची, नळी हाय स्टँडर्डची, मुठीच्या पट्ट्या तपकिरी प्लास्टिकच्या. पुढे लष्करी शस्त्रागारात त्याची एकदा पुनर्बांधणी झालेली, म्हणजे कारखान्याचा मूळ लेप तेव्हाच गेला होता. म्हणूनच नवा लेप मागितला. मूळ लेप शाबूत असता तर तेलाचा हात फिरवून तसेच ठेवले असते. जाणता संग्राहक अशा पिस्तुलाचे रिफिनिशिंग करत नाही.

ऑर्डर स्पष्ट होती. जुना लेप उतरवून ८० ते १२० ग्रिटच्या (कणांच्या जाडीचे माप) ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कमी दाबाने हलका ब्लास्ट, म्हणजे हवेच्या झोताने कणांचा मारा, द्यायचा, त्यावर मँगनीज फॉस्फेटचा गडद लेप, मग तेल. बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकचकीत करणे, करायचे नाही. शिक्क्यांवर ब्लास्ट थेट रोखून धरायचा नाही. नेमबाजीसाठी थोडे सुटे भाग बदलायचे, पण जुने परत बसवले की पिस्तूल पूर्ववत झाले पाहिजे, आणि फ्रेमला कानस लावायची नाही.

तरीही स्लाइड आणि फ्रेम दोन्ही बफिंगच्या चाकावर धरली गेली. स्लाइडच्या सपाट बाजूंवर प्रकाश तिरका पाडला की लाटा दिसतात, वरच्या कडा गोल झाल्या आहेत, आणि फ्रेमवरच्या पिनांच्या भोकांभोवती बशीसारखे खड्डे पडले आहेत. डाव्या बाजूचा एफ-जे-ए हा निरीक्षकाचा शिक्का अर्धा गेला. फ्रँक ॲटवूड यांची ही आद्याक्षरे या फ्रेमची ओळख होती. स्लाइडच्या माथ्यावरचा 'पी' हा प्रूफचा (दाबाच्या चाचणीचा) शिक्का बोटाला लागेनासा झाला आहे. उजवीकडचे 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' पुसट झाले आहे आणि त्याच्याजवळच्या अनुक्रमांकाचे दोन आकडे भिंगाखाली धरले तरच वाचता येतात. अनुक्रमांक पुसलेले शस्त्र बाळगणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. परवानाधारक कार्यशाळेला हे आम्ही सांगावे लागू नये.

यात सर्वांत खटकते ते असे की या लेपाला बफिंग लागतच नाही. चकचकीत पॉलिश लागते ते ब्लूइंगला, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या रासायनिक लेपाला, कारण तिथे खालच्या पोलादाचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा वर दिसतो. फॉस्फेटच्या स्फटिकांना धरायला खरखरीत पृष्ठभाग हवा असतो. पॉलिश केलेल्या पोलादावर तो पातळ आणि डागाळ बसतो, नेमका आता दिसतो आहे तसा. बफिंगने धातू गेला आणि लेपही बिघडला. शिवाय रंग फिकट करडा आला आहे. तो झिंक फॉस्फेटचा दिसतो, पावतीवर मात्र मँगनीजचे पैसे लावले आहेत. फॉस्फेट सच्छिद्र असतो, गंजापासून राखते ते त्यात मुरलेले तेल. पिस्तूल कोरडे आले आणि स्लाइडच्या खाचांत तांबूस ठिपके दिसू लागले आहेत.

आता सुरक्षिततेचे. अंगठ्याची सेफ्टी आपण नवी, रुंद पट्टीची बसवली. ती पाकिटातून काढून तशीच बसवण्याचा भाग नव्हे. तिच्या आतला उंचवटा सिअरच्या (ताणलेला हॅमर रोखून धरणारा भाग) मागच्या भागाला टेकेल असा थोडा थोडा घासून जुळवावा लागतो. जास्त घासला गेला तर सिअर हलायला जागा राहते. इथे तेच झाले आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून हॅमर (मागचा हातोडा) ताणा, सेफ्टी लावा, चाप जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा. आता हॅमर कानाशी धरून अगदी थोडा मागे ओढला तर बारीक 'टिक्' ऐकू येते. सेफ्टी लावलेली असतानाही सिअर सरकल्याचा तो आवाज आहे. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि पिस्तूल गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी ती झालीच पाहिजे.

त्याच सेफ्टीला जागेवर धरणारी प्लंजर ट्यूब (फ्रेमच्या बाजूची स्प्रिंग असलेली छोटी नळी) बोटाने हलते. पॉलिशसाठी ती काढली आणि परत बसवताना तिचे दोन पाय मॅगझिनच्या पोकळीतून ठोकून पसरवलेच नाहीत. चिकटवल्याच्या खुणा आहेत. ट्यूब फ्रेमपासून सुटली तर सेफ्टी खाली येत नाही किंवा स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडवून धरणारा खटका) अडकतो. एकदा काढलेल्या ट्यूबचे पाय पुन्हा वापरू नयेत, नवी ट्यूब घालून योग्य हत्याराने ती पक्की करावी.

फायरिंग पिनच्या (गोळीच्या बुडावर आघात करणारी पिन) बोगद्यात ब्लास्टिंगची पूड सापडली. पिन त्यात अडकून पुढे राहिली तर स्लाइड बंद होतानाच गोळी उडू शकते. रिकॉइल स्प्रिंग आणि सिअरची पानपट्टी स्प्रिंग यांवरही फॉस्फेट चढलेला आहे. त्या आम्लयुक्त टाकीत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग नंतर कधीही तडकू शकते. स्प्रिंगा बाहेर काढून ठेवणे हे या कामातले पहिलेच पाऊल आहे.

चापाचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, साडेतीन पौंडांवर आणला आहे. तो मागितला नव्हता. लष्करी प्रमाण ५ ते ६.५ पौंडांचे आहे.

आणि फ्रेमचे टँग, म्हणजे मुठीच्या वर मागे निघालेली टोके. फ्रेम न कापता बसणारी बीव्हरटेल ग्रिप सेफ्टी (मूठ दाबून धरल्यावरच सुटणारी, मागे शेपटीसारखी लांब असलेली सेफ्टी) बाजारात मिळते, आणि ऑर्डरमध्ये तीच लिहिली होती. आपण पाव इंच त्रिज्येच्या बीव्हरटेलसाठी दोन्ही टँग घासून गोल केले. आता जुनी ग्रिप सेफ्टी लावली की मधे फट राहते. ती भरायची तर वेल्डिंग लागेल आणि त्या जागी फॉस्फेटचा रंग वेगळा उठेल. नव्याने बनणाऱ्या पिस्तुलावर हा बदल चालतो, चांगलाही दिसतो. युद्धकाळातली फ्रेम मात्र पुन्हा बनणार नाही. आपल्या जाहिरातीत 'जुने पिस्तूल कारखान्यातून निघाल्यासारखे' असे आश्वासन असल्याने हे विशेष गंभीर आहे. युनियन स्विच अँड सिग्नल या दुसऱ्या कंपनीने अशी ५५,००० च पिस्तुले केली, सिंगरने तर अवघी ५००. असे एखादे आपल्या चाकावर गेले तर होणारे नुकसान कोणत्याही भरपाईने भरून निघणार नाही. शिक्के असलेल्या युद्धकालीन फ्रेमचे बफिंग आपण आजपासून बंद करावे.

आमच्या मागण्या : मजुरीची पूर्ण रक्कम परत मिळावी. मूळ ग्रिप सेफ्टी, सेफ्टी, हॅमर, चाप आणि तपकिरी पट्ट्या त्वरित पाठवाव्यात. त्यांपैकी काहीही परत आलेले नाही. नवी प्लंजर ट्यूब, पूर्ण स्प्रिंग संच आणि सेफ्टीची जुळवणी आमच्या निवडीच्या स्वतंत्र गनस्मिथकडून करून घेऊ, त्याचा खर्च आपण द्यावा. घटलेल्या किमतीची भरपाई जुन्या लष्करी शस्त्रांच्या जाणकाराच्या मूल्यांकनावरून ठरवावी. वापरलेला ग्रिट, हवेचा दाब, टाकीतले रसायन, तापमान आणि वेळ यांची नोंदही लेखी द्यावी.

शिक्के पुन्हा ठोकून देण्याचा प्रस्ताव आपण कृपया ठेवू नये. नव्याने ठोकलेला शिक्का संग्राहकांच्या दृष्टीने बनावटच असतो. अनुक्रमांकाला तर कोणीही हात लावू नये, त्याबाबत काय करायचे ते संबंधित केंद्रीय कार्यालयाला लेखी विचारूनच ठरवू. पिस्तूल आपल्या कार्यशाळेत पुन्हा पाठवले जाणार नाही. आपल्याला तपासणी करायची असल्यास आपला प्रतिनिधी त्या गनस्मिथकडे यावा.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. उत्तर न आल्यास ही सर्व कागदपत्रे राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे दिली जातील.

आपले,
तक्रारदार ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, ऑर्डरचा कागद, छायाचित्रे