काच बसवली, गाडी दुरुस्त झाली नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

विषय: समोरची काच बदलल्यानंतर कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचा खर्च नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझ्या व्होल्व्हो एक्ससी 60 गाडीची (2019 चं मॉडेल, डिझेल) समोरची काच फेब्रुवारीत फुटली. ती तुम्ही बदलून दिली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवण्याचं काम, करावं लागतं, त्याचे 17,700 रुपये तुम्ही नाकारले, ही माझी तक्रार आहे. गेले अकरा आठवडे ही गाडी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद ठेवून चालते आहे. तुमचे सर्वेअर (नुकसानीची पाहणी करणारे), तुमच्या यादीतलं वर्कशॉप आणि टोल-फ्री नंबरवर भेटलेली चार वेगवेगळी माणसं, या सगळ्यांशी बोलून झालं. नेमकं काय बंद पडलंय हे यांपैकी कुणीच समजून घेतलेलं दिसलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावं.

12 फेब्रुवारीला सकाळी मी मोर्शीहून वरूडकडे येत होतो. मृग बहाराचा संत्रा तोडणीला आलेला, त्यामुळे आठवड्यात तीन-तीन फेऱ्या चालू होत्या. पुढे गिट्टीचा टिप्पर, काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री नाही. मी अंतर राखून होतो, तरी एक खडा रस्त्यावर आपटून उडाला आणि काचेवर टक्कन बसला. आरशाच्या खाली, जरा उजवीकडे, चांदणीसारखी खूण उमटली. नखानं चाचपली तर बोटाला जेमतेम लागेल एवढीच. दुपारी गाडी उन्हात उभी होती. संध्याकाळी पाहतो तर त्या चांदणीतून एक रेघ निघून वर आरशाच्या मागच्या काळ्या पट्ट्यापर्यंत गेलेली.

त्या काळ्या पट्ट्यामागेच या गाडीचा कॅमेरा आणि रडार असतं. समोरचं वाहन, सायकलवाला, पायी चालणारा माणूस, मोठं जनावर हे सगळं गाडी तिथून बघते. आणि धडक होणार असं दिसलं की आधी आवाज देते, चालकानं काही केलं नाही तर स्वतः ब्रेक लावते. व्होल्व्होनं ‘सिटी सेफ्टी’ नावाची ही सोय 2008 साली पहिल्यांदा, साध्या रूपात, आणली ती एक्ससी 60 मध्येच. गाडीच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की त्या जागेसमोर अर्धा मिलीमीटर रुंद आणि तीन मिलीमीटर लांब एवढा जरी तडा किंवा खड्डा पडला, तरी काच बदलायला वर्कशॉप गाठा. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. याच पुस्तकात काच बदलल्यावर कॅमेरा आणि रडारचं कॅलिब्रेशन करून घ्यायलाही सांगितलं आहे. पहिलं वाक्य तुम्ही मानलं आणि काच बदलून दिली. दुसरं का मानत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या कॅशलेस यादीतल्या अमरावतीच्या वर्कशॉपमध्ये गाडी लावली. तिसऱ्या दिवशी फोन आला, काच बसली, गाडी घेऊन जा. गाडी चालू केली तर समोरच्या पडद्यावर पिवळ्या त्रिकोणासह अक्षरं आली: ‘विंडस्क्रीन सेन्सर, सेन्सर ब्लॉक्ड, सी ओनर्स मॅन्युअल’. म्हणजे काचेमागच्या सेन्सरला दिसत नाही, माहितीपुस्तक पाहा. मी फोरमनला बोलावून दाखवलं. त्यानं ओल्या फडक्यानं काच पुसली, गाडी बंद करून पुन्हा चालू केली. अक्षरं तिथेच. मग म्हणाला, “साहेब, आमचं काम काचेचं होतं, ते झालं. ह्या दिव्याचं तुम्ही कंपनीत पाहून घ्या.” काम पुरं झाल्याच्या कागदावर मी सही केली, पण सहीच्या वर हाताने लिहून ठेवलं की सेन्सरचा इशारा चालू असताना गाडी ताब्यात घेतली. त्या कागदाचा फोटो सोबत जोडला आहे.

त्यानंतर व्होल्व्होच्या अधिकृत वर्कशॉपकडून लेखी अंदाजपत्रक मागवलं. 15,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. ते तुम्हाला पाठवलं. नऊ दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला: कॅलिब्रेशन हे परिणामी नुकसान आहे आणि इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत बसत नाही.

हे दोन्ही शब्द पॉलिसीत आहेत, मी नाकारत नाही. पॉलिसी मी दोनदा वाचली. पण बिघाड म्हणजे वस्तू आपणहून नादुरुस्त होणं. माझा कॅमेरा नादुरुस्त झालेला नाही. तो जुन्या काचेवरून काढला तुमच्या वर्कशॉपनं, नव्या काचेवर बसवलाही त्यांनीच. त्यांच्या बिलात ‘सेन्सर काढणे व बसवणे’ अशी 1,200 रुपयांची स्वतंत्र ओळ आहे आणि ते 1,200 रुपये तुम्ही मंजूर केले आहेत! कॅमेरा काढण्या-बसवण्याचे पैसे देता येतात, तर तो जुळवून घेण्याचे का नाही? आमच्या बाजार समितीत वजनकाटा इथून उचलून तिथे मांडला तरी आधी पासंग काढतात, म्हणजे रिकामा काटा समतोल करतात, मगच माल चढवतात. पासंग न काढता माल मोजायला कुणी बसला तर शेतकरी त्याला उठवून लावतील. काटा मांडण्याची मजुरी वेगळी आणि पासंग काढणं हे परिणामी नुकसान, असं आजवर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आणि हे जुळवणं किती नाजूक असतं तेही सांगतो. कॅमेऱ्याची नजर एका अंशानं जरी कलली, तरी 50 मीटरवर ती सुमारे 87 सेंटिमीटर बाजूला पडते. शाळेतल्या भूमितीचा हिशेब आहे, कुणीही करून पाहावा. रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस आणि गाडीच्या वाटेत असलेला माणूस यांच्यातलं अंतरच तेवढं असतं.

तुमचे सर्वेअर फोनवर मला म्हणाले, “इतक्या वर्षांत अशा ब्रेकशिवायच गाडी चालवली ना? मग आता काय अडतं?” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याचं उत्तर या पत्रात द्यायचं आहे.

माझे मोठे भाऊ 2015 च्या डिसेंबरात गेले. रात्री अमरावतीहून परत येताना त्यांची जीप उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पुढे बसलेले दोघं वाचले, त्यांनी पट्टे लावले होते. भाऊ मागे बसले होते. मागच्या सीटचे पट्टे होते, पण सीटकव्हर चढवताना ते खाली दाबून टाकलेले. मी स्वतः ते कव्हर बसवताना पाहिलं होतं आणि काही बोललो नव्हतो. त्यानंतर आमच्या घरात गाडीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. वाचता वाचता कळलं की आज प्रत्येक गाडीत असतो तो तीन टोकांचा पट्टा 1959 मध्ये व्होल्व्होच्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं तयार केला. हा माणूस आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. आणि कंपनीनं त्या पट्ट्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. ज्या पट्ट्यामुळे जीपमधले दोघं वाचले, तो तिथून आलेला.

2022 मध्ये संत्र्याचा आंबिया बहार चांगला गेला, भावही बरा मिळाला. तेव्हा पुण्याहून ही गाडी दुसऱ्या हातची घेतली. तेवढ्या पैशात कोरी करकरीत दुसरी मोठी गाडी आली असती, सगळ्यांनी तसंच सांगितलं. गावात तर व्होल्व्हो म्हणजे पुण्या-मुंबईला जाणारी बस. शेजारचे काका आले आणि म्हणाले, “काहून रे भाऊ, बस घेतली म्हनते तू?” त्यांना गाडीत बसवून गावातून एक चक्कर मारून आणली. बस आणि ट्रक बनवणारी कंपनी 1999 पासून वेगळी आहे, मोटारी बनवणारी वेगळी, हेही समजावून सांगितलं. पुतणी लहान होती, तिला मागे बसवून वहिनींनी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पट्टा लावून दिला. तो ‘खट्’ आवाज झाला तेव्हा घरातलं कुणी काही बोललं नाही.

ही गाडी आमच्या भागात ठेवणं सोपं नाही. सर्व्हिसिंगला लांब जावं लागतं, टायर सांगितल्या दिवशी मिळत नाही, आणि उन्हाळ्यात धुळीनं काच माखली की कॅमेऱ्याचा इशारा येतोच. रोज सकाळी मी स्वतः त्या काळ्या पट्ट्यासमोरची काच पुसतो. हे सगळं मी आनंदानं करतो, कारण गेल्या वर्षी या यंत्रणेनं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवे लागायच्या वेळी मोर्शीकडून येत होतो. फाट्यावर एसटी थांबलेली, मी हळूच बाजूनं निघालो. एसटीच्या पुढून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा धावत आला, हातात दुधाची बरणी. माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवरून उचलला जात होता, तेवढ्यात पट्टा छातीवर आवळला गेला आणि गाडी जागच्या जागी थांबली. पोरगा बॉनेटपासून हातभर अंतरावर. बरणी त्याच्या हातून पडली नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी त्याच्याकडे. मग तो पळाला. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो.

काय अडतं, असं विचारलंत. हे अडतं.

रात्रीचं तर विचारूच नका. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा भाग, रोही आणि रानडुकरं रस्त्यावर केव्हा येतील नेम नाही. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तो हा रोही, अंगानं घोड्याएवढा. स्वीडनमध्ये सांबरापेक्षाही मोठं मूस नावाचं जनावर रस्त्यावर येतं, म्हणून या गाडीला घोडा आणि मूस अशी मोठी जनावरं ओळखायला शिकवलं आहे. ती दरवेळी ओळखेलच असं कंपनीही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. वेग ताशी जास्तीत जास्त 15 किलोमीटरनं कमी करते, एवढंच पुस्तक सांगतं. पण रोही थेट काचेवर येणं आणि 15 किलोमीटर कमी वेगानं येणं यात किती फरक पडतो, हे तुमच्या कार्यालयात रोज अपघाताच्या फायली हाताळणाऱ्यांना मी सांगायला नको.

एक गोष्ट मला फार खटकते. प्रीमियम ठरवताना तुम्ही गाडीची किंमत धरता ती या कॅमेऱ्यासकट, या रडारसकट. वर झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापण्याचे, जादा पैसेही मी दरवर्षी भरतो. खरं तर काचेवर घसारा साध्या पॉलिसीतही कापत नाहीत. पैसे घेताना गाडी पूर्ण धरायची आणि दुरुस्त करून देताना नुसती काच धरायची, हा कुठला हिशेब? विमा म्हणजे नुकसान होण्याआधीच्या क्षणी गाडी जशी होती तशी करून देणं. 12 फेब्रुवारीच्या सकाळी खडा लागण्याआधी माझी गाडी समोर बघत होती. आज बघत नाही. म्हणजे दुरुस्ती पूर्ण झालेली नाही आणि तुमच्याकडे बंद दाखवलेला माझा दावा मला मान्य नाही.

माझी मागणी अशी आहे. दावा पुन्हा उघडून कॅलिब्रेशनचे 17,700 रुपये मंजूर करावेत आणि ते काम अधिकृत वर्कशॉपमध्येच होऊ द्यावं, कारण तुमच्या यादीतल्या वर्कशॉपकडे त्याचं यंत्र नाही हे त्यांनीच सांगितलं. कॅलिब्रेशन करताना नवी काच किंवा कॅमेऱ्याची बैठक चुकीची बसलेली आढळली, तर ती तुमच्या खर्चानं बदलून मिळावी. नाकारायचंच असेल तर पॉलिसीतलं कलम दाखवून, सर्वेअरच्या अहवालाच्या प्रतीसह, सहीनिशी लेखी कळवावं. फोनवर नको. आणि काचेमागे कॅमेरा असलेली गाडी तुमच्या ज्या वर्कशॉपमध्ये जाते, त्यांनी इशारा चालू असताना ती ग्राहकाच्या हाती देऊ नये, एवढी सूचना त्यांना आजच द्यावी. आता आमच्या तालुक्यातही अशा गाड्या दिसायला लागल्या आहेत आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून थांबणारा माणूस प्रत्येक गाडीत असेलच असं नाही.

या पत्रापासून 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी विमा लोकपालांकडे अर्ज करीन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन. दोन्हीकडचे कागद तयार ठेवले आहेत. या पत्रासोबत पॉलिसीची प्रत, वर्कशॉपचं बिल, पडद्यावरच्या इशाऱ्याचे फोटो, अंदाजपत्रक आणि तुमचा ईमेल जोडला आहे.

तोवर रात्री गाडी काढणं मी बंद केलं आहे. आईला हृदयाच्या तपासणीसाठी दर पंधरा दिवसांनी अमरावतीला न्यावं लागतं. त्या दिवशी उजाडल्याशिवाय आम्ही निघत नाही आणि डॉक्टरांचा नंबर लागायला उशीर झाला तर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परततो.

आपला पॉलिसीधारक,
एक संत्रा उत्पादक शेतकरी
तालुका वरूड, जिल्हा अमरावती