ओंकार गुरांकडेच राहतो म्हणतो

ॲडलेड, जुलै

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण माझ्या शेजारी सुनंदा असते आणि तुझ्या शेजारी अर्धे गाव असते, म्हणून लिहितो आहे. माझी साखर ताब्यात आहे, सुनंदाच्या गुडघ्याचे पूर्वीसारखेच.

ओंकारने शिक्षण अर्धवट सोडून वाळवंटातल्या एका कॅटल स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या अफाट कुरणावर, नोकरी धरली, हे तुला ठाऊकच आहे. त्याला समजावून परत आणावे म्हणून मी गेल्या महिन्यात तिकडे गेलो होतो. कूबर पीडी गावापर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि पुढे नुसता लाल धुरळा. वाटेत डिंगोंना, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यांना, अडवणारे, सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे ते कुंपण लागते. त्याच्या दक्षिणेला मेंढरे आणि उत्तरेला गुरे. पलीकडचे ॲना क्रीक हे जगातले सर्वांत मोठे गुरांचे स्टेशन, सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला सातारा जिल्हा दीड वेळा. ओंकारचे स्टेशन त्याच मुलखातले, पण लहान. इतके लहान की त्यात आपला माण तालुका जेमतेम मावावा.

पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. पाणी मिळते ते जमिनीच्या पोटातून, ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाच्या भूजलाच्या प्रचंड साठ्यातून. ते कढत वर येते आणि निवल्यावर गुरे पितात. राखोळीला माणूस कुठेच नाही. दावे नाही, गोठा नाही, घंटेचा आवाज नाही. गुरे धरायची वेळ आली की हेलिकॉप्टर आणि मोटरसायकली घेऊन हाकतात, किंवा पाण्याभोवती कुंपण घालून एकच वाट ठेवतात. त्या वाटेला आतल्या बाजूला निमुळते होत गेलेले लोखंडी दांडे असतात. तहानलेली गाय खांद्याने रेटते, दांडे फाकतात, ती आत जाते आणि मागे दांडे मिटतात. परत फिरली तर त्यांची टोके छातीला लागतात. अर्धी संध्याकाळ मी तेवढेच बघत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ओंकार खोड्यापाशी वासरांच्या कानांत बिल्ले मारत होता. एक तांबडी गाय समोर आली आणि मी चमकलोच, कारण गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि जरासे वशिंड. मॅनेजर म्हणाला, ब्राह्मनचे रक्त आहे. हे ब्राह्मन वाण अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या जातीपासून तयार झाले आणि १९३३ मध्ये तिथून ऑस्ट्रेलियात आले. तू असतास तर त्या मॅनेजरला खिलारवर तासभर व्याख्यान दिले असतेस, आणि बिचाऱ्याने ते ऐकूनही घेतले असते.

आता खरी गोष्ट. रात्री सगळे गोमांस खात असताना मी बटाटे चिवडत बसलो होतो, तेव्हा मी ओंकारला विचारले की हे तुझ्याने बघवते कसे. तो शांतपणे म्हणाला की पाणी असते पण गवत संपते, तेव्हा गुरे हाडांवर येण्याआधीच रोड ट्रेनमध्ये, म्हणजे अनेक डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकमध्ये, भरून पाठवतात. २००८ च्या दुष्काळात ॲना क्रीकवरची जवळजवळ सगळी अशीच हलवली होती. आणि मग म्हणाला, छावणीत दावणीला बांधून चाऱ्याच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा हे बरे नाही का? त्या गाड्यांतली पुष्कळशी गुरे शेवटी कुठे जातात, तेही त्याने लपवले नाही.

बापू, २०१३ साली म्हसवडकडच्या छावणीत तू तुझ्या बैलजोडीपाशी झोपत होतास आणि मी इथून फोनवर तुला जोडी विकायला सांगत होतो. त्यावरून तू किती दिवस अबोला धरलास, ते वहिनींना विचार. तेव्हा मी जे बोललो तेच आज माझा मुलगा बोलतो आहे, आणि मला ते ऐकवत नाही. वाद घालायला गेलो तर तुझीच वाक्ये तोंडात येतात, आणि ती त्याच्यापुढे टिकत नाहीत, कारण तो गुरांवर माया करतो हे मी डोळ्यांनी पाहिले. एका आईवेगळ्या वासराला तो बाटलीने दूध पाजत होता. ते वासरूही पुढेमागे गाडीतच चढणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तो परत येणार नाही. पुढची दोन वर्षे तरी तिथेच राहतो म्हणतो.

त्याचे मी सोसेन. पण आईला काय सांगू? सुनंदाने तिला सांगून ठेवले आहे की नातू गोशाळेसारख्या ठिकाणी सेवा करतो. आईने ते सगळ्या आळीला सांगितले, आणि आता तिथल्या गाईंच्या चाऱ्यासाठी पाचशे एक रुपये तुझ्याकडे दिले आहेत असे कळते. बेंदराला ती अजून मातीच्या बैलांना ओवाळते रे. तिला रोड ट्रेन कशी समजावणार?

तुझ्या डाळिंबांवर तेल्या आला असे ऐकले, बागेचे काय झाले ते लिही. धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

ते पैसे इकडे पाठवू नकोस, आणि आईला परतही देऊ नकोस. तिला खरे सांगायचे असेल तर ते तूच सांगावेस असे मला वाटते, कारण गुरांच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा तुझे जास्त ऐकते. मात्र काय सांगणार आहेस, ते आधी मला कळव.

तुझा,
दिगू