बायो, केसांची ट्रायल खळ्यात येऊन कर

बायो,

लग्नात केस कसे करायचे त्याचे तू काल रात्री पाठवलेले सगळे १७ फोटो बघितले. आधी आईनं बघितले, मग आजीला मोठे करून दाखवले, आणि मग फोन माझ्या हातात दिला की तुम्हीच सांगा आता तिला काय ते. मला केसातलं काय कळतं म्हणा, माझ्या डोक्यावर किती उरलेत ते तुला माहितीये. पण २६ वर्षं मांडव घालतोय मी, आणि मांडववाला लग्न कायम मागून बघतो, समोरून फोटोग्राफर आणि पाव्हणे, आम्ही स्टेजमागं वायर धरून. त्यामुळं नवरीचा चेहरा नाही आठवत पण मागची हेअरस्टाईल किती वाजता सुटली ते सांगू शकतो.

तुला जे आवडलंय ना, ते मोकळे कर्ल्स आणि एका बाजूला तीन फुलं, ते सुंदरच आहे. आजी मात्र म्हणाली, "केस मोकळे सोडून लग्नाक उभी रवतली? माझ्या माटवात नाय." तिचं सोड, तिला अजून पंजाबी ड्रेस पटलेला नाही. माझी अडचण वेगळी आहे.

तुझा मुहूर्त १२ वाजून ७ मिनिटांचा. सकाळी पार्लरवाली येईल तेव्हा माडाची झावळी पण हलत नसेल, तुला वाटेल बाबा उगाच घाबरवतात. पण शाळेत शिकलीस ना खारे वारे आणि मतलई वारे, तेच. ऊन चढलं की जमीन समुद्राच्या आधी तापते, तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि समुद्रावरची आत घुसते, आपल्याकडं कोकणात फाल्गुनात साडेअकराच्या आसपास वारा लागतो आणि दुपारभर वाढतच जातो. म्हणजे नेमका अंतरपाट धरायच्या वेळेला. आणि आपलं खळं, घरापुढचं अंगण, पश्चिमेला सगळं उघडं, मध्ये फक्त माड. मी त्या बाजूला झापांचा आडोसा करणारच आहे पण पूर्ण बंद केलं तर आत भट्टी होईल, २०० माणूस आहे.

वाऱ्यापेक्षा वाईट तो दमटपणा. कर्ल्स म्हणजे शेवटी इस्त्रीच. आम्ही मांडवाच्या झालरी आदल्या रात्री कडक इस्त्री करून लावतो आणि सकाळी दंवानं त्या लुळ्या पडलेल्या असतात, तू लहानपणी बघितलंयस, मी किती शिव्या घालायचो. केसांचं तेच आहे. उष्णतेनं आतले बंध तुटून नव्या आकारात बसतात आणि ओल लागली की परत मूळपदावर येतात. तुझे केस मुळात बारीक आणि लाटांचे, पुण्यातल्या कोरड्या हवेत संध्याकाळपर्यंत राहतील ते कर्ल्स इथे जेवणाच्या पंगतीपर्यंत नाही राहणार. स्प्रेनं राहतात म्हणशील, तर राहतात थोडा वेळ, पण स्प्रे घाम आणि खारी हवा एकत्र झाली की केस असे चिकट होतात की बोट घालवत नाही. त्यात स्प्रे पेट घेणारा असतो बरं का, आणि तू लाजाहोमाला वाकून लाह्या टाकणार. मोकळे केस पुढं येतात वाकल्यावर. मला त्या वेळी स्टेजमागं उभं राहून बघायचं नाहीये ते.

दोन वर्षांमागं एका लग्नात (गाव सांगत नाही, आई लगेच ओळखेल) नवरीचे मोकळे केस वाऱ्यानं उडून अंतरपाटाच्या सेफ्टी पिनेत अडकले. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, अंतरपाट ओढला आणि नवरी पण ओढली गेली! सगळे हसले, ती पण हसली बिचारी, पण डोळ्यात पाणी आलं होतं, दुखलं असणार. आणि अक्षता. मोकळ्या चिकट केसात अक्षता पडल्या की त्या तिथेच राहतात, तुझ्या मावशीच्या डोक्यातून सत्यनारायणापर्यंत तांदूळ पडत होते.

अजून एक गोष्ट फोटोत कुणी दाखवत नाही. त्या १७ पैकी एकाही फोटोत मुंडावळ्या नाहीत, बघ परत. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरून जाऊन मागं बांधतात, पुढं उंच पफ केला की तो सरकून वर चढतो आणि मोत्याच्या सरी डोळ्यावर येतात, कानाशी बटा सोडल्या की त्यात गुंततात. मग हार. निशिगंधाचा ओला हार चांगला जड असतो, तो घालताना आणि विशेषतः काढताना मागचं सगळं ओढून नेतो. मंगळसूत्र घालताना मागून कुणीतरी केस उचलून धरायचे, ते काम करवलीचं, आणि तुझी करवली त्या वेळी रील काढत असणार हे आपण दोघं जाणतो.

म्हणून मला विचारशील तर अंबाडा. पण मानेवर टेकलेला नको, तिथे हार बसतो आणि अंबाडा खाली ओढला जातो, आणि डोक्यावर उंच पण नको कारण पदर, शेला सगळं त्यावरून घ्यायचंय. मधोमध, कानाच्या रेषेत. पुढून साधा भांग, मुंडावळी सपाट बसते. तुझे केस खांद्यापर्यंतच, त्यामुळं आत डोनट, ती फुगवायची गोल रिंग, लागेल, नाहीतर गंगावन. वर बारीक जाळी आणि आकडे, नुसत्या काळ्या पिना तुझ्या केसातून घसरतात, बारावीच्या गॅदरिंगला काय झालं होतं आठव. आणि हळदीच्या दिवशी डोक्याला तेल लागणारच, आजी ऐकणार नाही, तर त्याच संध्याकाळी दोनदा शाम्पू करून टाक, लग्नाच्या सकाळी धुवू नको, ताज्या धुतलेल्या केसात काही धरत नाही म्हणे. हे आईनं सांगितलंय, मी फक्त लिहितोय.

फुलांचं मात्र मी सांगणार. तू लिहिलंयस बेबी ब्रेथ आणि ऑर्किड, ते बेळगाववरून बर्फात येणार आणि बाराच्या उन्हात माना टाकणार. अगं तुझं लग्न सुरंगीच्या सीझनमध्ये आहे, आसोली-आरवलीकडं झाडं पिवळी झालेली असतात, आणि तू ऑर्किड माळणार? सुरंगीचा वळेसार, म्हणजे गजरा, सुकला तरी वास जात नाही. झाडावर चढून कळ्या उमलायच्या आत काढायच्या असतात, फांदीला चिकटून येतात म्हणून एकेक हातानं, त्यामुळं आयत्या वेळी मागून मिळत नाही, मला आठ दिवस आधी सांगावं लागेल. रंग पाहिजे तर खाली एक अबोलीची ओळ, तिला वास नाही पण टिकते चांगली. बाजूची काकी केळीच्या सोपाच्या दोरात ओवून देते म्हणाली, दोऱ्यापेक्षा फुलं कमी दुखावतात. मधमाशा येतील का असं तू विचारणार. झाडाखाली घोंगावतात खऱ्या, पण डोक्यातल्या वळेसारावर आलेली मी एवढ्या वर्षात बघितली नाही, आणि आलीच तर मी आहे मागं.

आजीचं सोन्याचं फूल पण आहे अंबाड्यावर घालायचं, पेटीतून काढून तिनं रिठ्याच्या पाण्यात घासून ठेवलंय आणि कुणाला बोलली नाही. घालायचं की नाही तू बघ. मी काही म्हणत नाही.

कर्ल्स संध्याकाळी कर ना रिसेप्शनला. दिवस बुडला की वारा पडतो, होम नाही, हार नाही, सोड मोकळे. फक्त मी ते पाणी उडवणारे पंखे आणणार होतो ते कॅन्सल करतो, साधे पेडेस्टल लावतो.

आणि ट्रायल पुण्यात एसीमध्ये बसून करू नको. तिथे काय पण छान दिसेल. पुढच्या शनिवारी ये, पार्लरवालीला आईनं अकराला बोलावलंय, करून झालं की बाराला खळ्यात उभी राहा, आजी खोटा हार घालेल, आई शेला घेईल, मी पंखा तीनवर ठेवून मागून बघतो. डोनट तिकडूनच आण, इथल्या दुकानात फक्त तपकिरी आहे.

तुझा
बाबा