काकाजींचं लुगडं

आंधळगाव, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय गड्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. मागच्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा "शेतात आहे" म्हणून ठेवून दिला. शेतात नव्हतो, घरीच होतो. इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तशीच, काकाजींचा खोकला आहे तसाच. आता जे लिहायचं ते लिहूनच टाकतो, नाहीतर हेही पान फाडीन.

गेल्या पंधरवड्यात पुण्याचं एक जोडपं आलं होतं. कऱ्हांडल्याला वाघ पाहून भंडाऱ्यात नातेवाइकांकडे उतरले होते. त्यांनी माझा नंबर दिला. एक दिवस आमच्या आवडीनं फिरवा म्हणाले: त्याला खायचं होतं, तिला खरेदी करायची होती. मी असं काम पहिल्यांदाच घेतलं, आणि तुला सांगतो, सकाळी मला फार छान वाटत होतं. आपल्या गावाकडचं कोणी असं पाहायला येतं का कधी?

सुरुवात बसस्टँडच्या पोह्यांनी. तर्री बघून तो म्हणाला, पोह्यावर रस्सा? तीन प्लेटा खाल्ल्या त्यानं. तुझा विक्रम मात्र मोडला नाही, तो मोडायला तुझं पोट लागते. मग पितळेच्या दुकानात नेलं. पितळ वजनावर घ्यायचं, बोटानं वाजवून आवाज ऐकायचा, आत कल्हई धरली का ते पाहायचं, हे सगळं मी तिला शिकवलं. तिनं एक गुंड आणि एक लहान गंज घेतला. दुपारी जेवण आपल्या घरी. तुझ्या वहिनीनं चुलीवर मडकं पालथं घातलं आणि लांबरोट्या केल्या. कणीक कोपरापर्यंत लोंबली की तो प्रत्येक वेळी फोन काढायचा. सोबत पाटोड्यांचा रस्सा, भिवापुरी मिरची घातलेला. पाणी नाकातून आलं तरी वाढा म्हणे. लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी तिला एवढी आवडली की बियाणं मागितलं. मी म्हटलं, पुण्यात धान कुठं आहे तुमच्याकडं? ही उभ्या धानातच फेकावी लागते.

जेवणानंतर काकाजींकडे नेलं, हे तू ओळखलंच असशील.

काकाजी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. करवती लुगडं लागलं होतं, लाल काठाचं. मी तिला तीन धोटे दाखवले: दोन काठाचे, एक अंगाचा. काठाचं सूत अंगात शिरत नाही, तिथल्या तिथं अडकून परत फिरतं, म्हणून करवतीचे दात दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. उलटं करून पाहा म्हटलं, तिनं पाहिलं. कोसा म्हणजे रानचं रेशीम, ते येनाच्या झाडावर कसं होतं, ढिवर लोक पाखरं हाकलत त्याची राखण कशी करतात, सगळं सांगितलं. काकाजींनी तुटक्या सुताचा तुकडा दिला, मी काडी लावली. केस जळल्याचा वास, आणि बोटात चुरली की राख होते. नकली असेल तर वितळून गोळी होते. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं, गड्या. दुपारी अडीच वाजता.

तिला तेच लुगडं हवं होतं. काकाजी म्हणाले, "अजून आठ दिस लागतेत गा बाबू. आता उतरवलं तं पदर अर्धाच राहीन." आणि ह्यांची वरठीहून संध्याकाळची गाडी. तिचा चेहरा उतरला. आईसाठी, सासूसाठी आणि स्वतःसाठी अशी तीन घ्यायची ठरवून आली होती.

मी म्हटलं, वाटेत एक दुकान आहे.

ते दुकान कोणतं ते लिहीत नाही, तुला कळलं असेल. मला तरी काय माहीत नव्हतं? दुकानदारानं तीन लुगडी पसरली, एकेक बेचाळीसशेला. करवतीचे दात छापल्यासारखे, उलट्या बाजूला काठाची सुतं लोंबत होती. मी पाहिलं. तिनंही हात लावला, थोडी थबकली. तिचा नवरा हसून म्हणाला, "दादा, काढा आगपेटी." दुकानदार म्हणाला, "ह्यांनाच विचारा ना, विणकराच्या घरात लहानाचे मोठे झालेत." तिनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, हे तिकडचंच ना?"

मी मान हलवली. वर म्हटलं, दुकानात कुठं काडी ओढता.

गाडी सुटल्यावर दुकानदारानं पंधराशे रुपये हातात ठेवले. मी घेतले. पोरीच्या फीचा शेवटचा दिवस होता हे खरं आहे, पण फी काही पंधराशेनं भरली जात नव्हती. घ्यायचे नव्हते आणि घेतले. जोडप्यानं वेगळे दोन हजार दिले होते, तेही हसत हसत, वाकून नमस्कार करून.

तू सुरतेला निघालास त्या दिवशी बसस्टँडवर काकाजींच्या समोर मी काय बोललो होतो ते तू विसरला नाहीस. "जा, नकली विणायला जा." दोन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि बरोबर केलंस. तू मशीनवर जे काढतोस ते मशीनचं म्हणून विकतोस. तू कोणाला खोटं सांगितलं नाहीस. लहानपणी कांड्या भरताना आपण एकदा कोशाच्या सुतात सुती सूत मिसळलं होतं, आठवते का? तुझ्या आईनं दोघांनाही जेवायला दिलं नव्हतं. मी पंधरा दिवस तेच आठवून राहिलो.

गुरुवारी काकाजींचं लुगडं उतरलं. मला बोलावून म्हणाले, "त्या पुन्याच्या पोरीले फोटो धाड. तिले हेच पाह्यजे होतं." मी फोटो काढला. पाठवला नाही. मग त्यांनी विचारलं, "तिनं दुसरीकडं घेतलं का काही?" मी नाही म्हणालो. हे दुसरं खोटं, आणि तेही त्यांच्या तोंडावर. त्यानंतर बराच वेळ धोटा हातात घेऊन बसले होते, मग म्हणाले, "त्याच्या मशीनवर दिसाला किती निघते गा?" तुझ्याबद्दल विचारत होते. मला उत्तर माहीत नव्हतं. तूच लिहून कळव त्यांना, मोठ्या अक्षरात.

तर मी असं ठरवलं आहे. उद्या सकाळी तिला फोन करतो. तीनही लुगडी परत पाठवा म्हणतो, कारण सांगतो. तिचे बारा हजार सहाशे दुकानदार देणार नाही, ते मी देईन, हप्त्यानं. धान विकलं की पहिला हप्ता. काकाजींचं लुगडं मी कागदात गुंडाळून माझ्याकडं आणून ठेवलं आहे, तिला पाहिजे असेल तर धाडतो. काकाजींनाही सांगेन, पण तिच्याशी बोलल्यावर. आधी त्यांना सांगायची हिंमत नाही.

वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? पोरगा दहावीचा अभ्यास करतो का क्रिकेटच खेळून राहिला? खोली बदलली म्हणालास, नवा पत्ता लिही, चिन्नोर तांदूळ धाडायचा आहे. या वेळी वास फार चांगला आहे.

फोन करू नको. फोनवर तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा शेतात आहे म्हणेन. लिहूनच कळव.

तुझाच,
बसस्टँडवाला