दिल्ली नाही बाबा, हिल्लीए

गोथेनबर्ग, 9 मार्च 2025

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाला हे पत्र मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. फोनवर सांगायला घेतलं की आई नुसतं "बरं, बरं" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. मग मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवते. तीन रविवार असेच गेले.

तर आधी तेच सांगून टाकते. शुक्रवारी आम्ही माल्मोतल्या घराच्या कागदांवर सह्या केल्या. दहा टक्के भरलेत, 1 जूनला ताबा. मे महिन्यापासून माझी नोकरी कोपनहेगनला. म्हणजे राहायचं स्वीडनमध्ये आणि कामाला रोज डेन्मार्कमध्ये जायचं.

म्हणजे "अजून दोन वर्षं" असं मी 2019 च्या दिवाळीत म्हणाले होते, ते आता धरून बसू नका. खोटं बोलले नव्हते. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

जानेवारीत बाबांचं ते झालं, तेव्हा मी इथून निघून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी वॉर्डात शिरले तर बाबा नर्सकडे बिनसाखरेचा नाही, साधा चहा मागत होते. मी हसले खरी, पण येताना विमानात काय काय मनात आलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. आणि तिथून परतल्यावर महिन्याभरात ही नोकरी घेतली. तुम्हाला वाटेल, पोरगी इतकं बघून गेली आणि तिकडेच आणखी घट्ट पाय रोवले. पुण्याच्या दोन ठिकाणीही बोलणी झाली होती, दादाला विचारा. सुहासचं काम लुंदला. चिनू तिसरीत आहे, मराठी बोलतो पण विचार स्वीडिशमध्येच करतो. त्याला या वयात उपटून तिकडे लावायचं माझ्या जिवावर आलं. यापुढे याबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेन.

मग कोपनहेगनलाच का नाही राहायचं, असं बाबा विचारणारच. तिथली घरं आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. शिवाय सुहासनं भारतीय पासपोर्ट ठेवलाय. तो स्वीडनमध्ये राहू शकतो, काम करू शकतो, पण डेन्मार्कात काम करायचं तर त्याला तिथला वेगळा परवाना हवा. मला लागत नाही, कारण मी स्वीडिश नागरिक. बाबा, मी पासपोर्ट बदलला तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. ती जखम मला उकरायची नाही. पण ही नोकरी त्याच कागदामुळे मिळालीय, आणि घरात एक निळा पासपोर्ट अजून आहे, एवढं लक्षात असू द्या.

कर डेन्मार्कला भरायचा. दोन्ही देशांमधला नवा करार या 1 जानेवारीपासून लागू झालाय, त्यामुळे माझ्यासारख्या ये-जा करणाऱ्यांचा गोंधळ कमी झालाय म्हणतात. सगळे कागद एका फायलीत लावलेत, डाव्या बाजूला भोकं पाडून, तुमच्या पद्धतीनं.

आता घराची गोष्ट. चार ठिकाणं बघितली.

लुंद फार गोड आहे. 1666 सालचं विद्यापीठ, दगडी गल्ल्या, जिकडेतिकडे सायकलवाली पोरं. सुहासचा जीव तिथेच अडकला होता. पण तिथून माझं अंतर वाढतं, आणि त्या दगडी गोट्यांवरून आईच्या गुडघ्यांनी चालायचं म्हणजे झालंच. लिमहामन समुद्राकाठी आहे. बुटकी जुनी घरं, दारात गुलाब. आई, तुला ते बघून गुहागर आठवलं असतं. पण तिथे गाडीचं स्टेशन नाही, आधी बस पकडा आणि मग गाडी.

तिसरी जागा बाबांसाठी सोडवत नव्हती. वेस्त्रा हामनेन. बाबा, कॉकम्सचं नाव तुम्ही डॉकमध्ये ऐकलं असेलच, तो जहाजांचा कारखाना तिथेच होता. 138 मीटर उंच क्रेन होती त्यांची, गावात कुठूनही दिसायची. काम संपलं, तशी 2002 मध्ये ती कोरियावाल्यांनी नेली, म्हणे एका डॉलरला. ती निघाली तेव्हा माल्मोची माणसं धक्क्यावर उभी राहून रडली होती. मी हे वाचलं आणि तुमचा निवृत्तीचा दिवस आठवला. हातात नारळ, गळ्यात हार, आणि भायखळ्याला कुणीतरी तुम्हाला बसायला जागा दिली म्हणून तुम्ही चिडून घरी आलात. आता त्याच भागात 190 मीटरचा पिळलेला मनोरा उभा आहे, लोक फोटो काढायला जातात. मीही काढला. पण समुद्रावरून असं वारं येतं की छत्री धरता येत नाही, आणि स्टेशनला जायचं तर परत बसच.

म्हणून हिल्लीए. दिल्ली नाही बाबा, हिल्लीए. दिसायला अगदीच सामान्य आहे, ते मी आधीच कबूल करते. चौकोनी इमारती, एक मोठा मॉल, एक स्टेडियम, जवळच पाण्याची टाकी. 2010 च्या डिसेंबरात शहराखालून बोगदा झाला आणि हे स्टेशन उघडलं, तोवर इथे बहुतेक शेतंच होती. सुहासनं बघितल्या बघितल्या नाक मुरडलं. मी त्याला म्हटलं, आमच्या बाबांनी 1984 मध्ये डोंबिवलीत चिखलातल्या अर्धवट इमारतीत घर घेतलं तेव्हा माझ्या आईनंही असंच नाक मुरडलं होतं.

आई, रागावू नकोस. तुझं गिरगाव सुटलं ते सुटलंच, त्यावर आता मी काय बोलू. पण बाबांनी त्या इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत एचएमटीकडे बघत दोनदा चालून बघितलं होतं, एकदा रिकाम्या हातानं आणि एकदा भाजीच्या दोन पिशव्या घेऊन, ही गोष्ट तूच मला शंभरदा सांगितलीस. "स्टेशनपासून दहा मिनिटांपलीकडे घर घ्यायचं नाही, दिवसाची दहा मिनिटं म्हणजे जन्माची किती, हिशेब करा." मी फेब्रुवारीत सकाळी सातला, बर्फाची भुरभुर चालू असताना, त्या घराच्या दारात उभी राहिले आणि तेच केलं. एका हातात चिनूचं दप्तर, दुसऱ्या हातात माझी बॅग. सहा मिनिटं. मग परत जाऊन आईच्या चालीनं चालून बघितलं, मध्ये एका बाकावर टेकून. साडेनऊ. बाजूनं जाणाऱ्या एका बाईंनी "काही हरवलंय का" म्हणून विचारलं.

तिथून गाडी सुटली की थेट समुद्रावरच्या पुलावर, पलीकडे डेन्मार्क. गेली चाळीस वर्षं तुम्ही मला पुलांबद्दल सांगत आलात, आज माझी पाळी. वरच्या मजल्यावरून मोटारी जातात, खालून गाड्या. जवळजवळ 8 किलोमीटरचा पूल, मग समुद्रात भराव घालून केलेलं एक बेट, आणि पुढे 4 किलोमीटर पाण्याखालून बोगदा. सलग पूल का नाही बांधला? पलीकडे लगेच कोपनहेगनचा विमानतळ आहे, पुलाचे उंच खांब विमानांच्या आड आले असते. शिवाय जहाजांची वाट मोकळी राहिली पाहिजे. शेजारी एक जुनं बेट आहे, त्याचं नाव मिठाचं बेट. म्हणून या नव्याला नाव दिलंय मिऱ्याचं बेट. तिथे कुणाला उतरू देत नाहीत, पक्ष्यांना आणि झाडांना सोडून दिलंय. 1 जुलै 2000 ला पूल उघडला, म्हणजे मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात. हिल्लीएपासून माझं ऑफिस गाडीनं वीसएक मिनिटं. तुमचा सव्वा तास होता, तोही उभ्यानं, नाहीतर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं. मला खिडकी मिळेल. ती मिळाली की थोडं अपराधी वाटेल, खरं सांगते.

येताना मात्र हिल्लीएला पोलीस डब्यात चढून ओळखपत्र बघतात. दहा वर्षांपूर्वी निर्वासितांची मोठी रीघ लागली तेव्हापासून हे सुरू झालं. दोन मिनिटांचं काम. तुम्ही याल तेव्हा पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेवा, आईच्या त्या तीन पिशव्यांच्या आतल्या पिशवीत नको.

आणि तुम्ही येणार आहात. हे मी विचारत नाहीये. मागच्या वेळी कोपनहेगनला उतरून गोथेनबर्गला यायला साडेतीन तास लागले आणि बाबांचे पाय सुजले. आता विमानतळावर खालीच फलाट आहे, गाडीत बसायचं, समुद्र बघायचा, पाव तासात घर. मलाही तिकडे निघायचं झालं तर पाव तासात विमानतळ. यात मी मुद्दाम हाच हिशेब धरलाय, जानेवारीनंतर दुसरा हिशेब डोक्यात येतच नाही. व्हिसा स्वीडनचाच काढायचा, तो डेन्मार्कलाही चालतो, नव्वद दिवस. गणपती आटोपले की निघा. नोव्हेंबरात नको. डिसेंबरात इथे दुपारी पावणेचारला दिवेलागण होते आणि आई म्हणेल, शुभंकरोतीनंतर एवढा वेळ करायचं काय.

तुमची खोली पूर्वेला आहे. इमारतीला लिफ्ट आहे, उंबरठा नाही. संडासात पाण्याचा फवारा मी पहिल्याच आठवड्यात बसवून घेणार आहे, त्या कागदावरून मागच्या वेळी जे झालं ते पुन्हा नको. कोथिंबीर, भेंडी, कारली, कढीपत्ता सगळं मॉलेवोंगेनच्या बाजारात मिळतं, अरबी आणि व्हिएतनामी दुकानं आहेत तिथे. मॉलच्या गच्चीवर बाग केलीय, आईला संध्याकाळी फिरायला. फडके रोड नाही, पण बाक आहेत. आणि बाबा, ही इमारत म्हणजे चक्क सहकारी सोसायटी आहे. आपण घर नाही घेत, सोसायटीतला वाटा घेतो, दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, वर्षाची सर्वसाधारण सभा होते आणि तीत सायकली कुठे लावायच्या यावर भांडणं होतात. तुम्ही पंधरा वर्षं सेक्रेटरी होतात. मी इतिवृत्त तुम्हाला वाचून दाखवीन.

एक गंमत आईसाठी. डॅनिश लोक पन्नासला म्हणतात हाल्त्रेस. मी ऑफिसातल्या बाईंना विचारलं हे काय, तर म्हणाल्या "अडीच विसा". साठ म्हणजे तीन विसा, सत्तर साडेतीन विसा, नव्वद साडेचार विसा! स्वीडिश लोक यावर डोकं धरून बसतात. मला एका क्षणात समजलं. आजी गुहागरच्या पडवीत नारळ मोजायची ना, "तीन विसा आणि वर चार", आणि मी तिच्या पदराला धरून बोटं मोडत बसायचे. त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांना सांगितलं, माझ्या आजीला डॅनिश येत होतं.

आता ऐका. बाबांनी टाकीवर चढायचं नाही. पाणी गेलं तर जाऊ दे, वॉचमनला सांगा, त्याला त्याचेच पैसे देतो. सकाळची गोळी चहाआधी, चहाबरोबर नाही. दादा दर दुसऱ्या शनिवारी ठाण्याहून येणार आहे, "कशाला उगाच" म्हणून त्याला परत पाठवू नका. वहिनी डबा देते तो तिच्यासमोर उघडून खा, मागून कामवालीला देऊ नका, तिला कळतं. आईनं साखर तपासून आकडा वहीत लिहायचा, खरा आकडा. जिन्यात डाव्या बाजूचा कठडा हलतो, तो मी आले तेव्हाही हलत होता. लिफ्टवाल्या इमारतीत जायचं नाही हे तुमचं ठरलंय, मी वाद घालत नाही, पण कठडा तरी दुरुस्त करून घ्या. आणि तो मिरजेचा विषय माझ्या नावावर करायचा नाही. दादाशी बोलले आहे.

मी तिकडे यावं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. एकदाही नाही. म्हणाला असतात तर मला भांडता आलं असतं. पहाटे जाग येते तेव्हा मला बाबांचा सकाळचा खोकला आणि आईचं ताक घुसळणं ऐकू येतं. अजून. मग कूस बदलून चिनूच्या अंगावर पांघरूण घालते, तो आधीच पांघरूण घेऊन झोपलेला असतो.

चिनूनं तुमच्यासाठी पुलाचं चित्र काढलंय, सोबत पाठवतेय. खालच्या गाडीत जी दोन माणसं बसलीत ती तुम्ही. आईच्या मांडीवर जे आहे तो डबा आहे, मांजर नाही, असं त्यानं सांगायला सांगितलंय.

तुमची,
मनू

ता. क. आई, तुझ्या देव्हाऱ्याची लांबी-रुंदी मोजून कळव, तेवढाच कोनाडा तुमच्या खोलीत करून घेते. टेप बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. स्टुलावर चढायचं नाही, दादा येईल तेव्हा मोजा.