शेऱ्याचा रिकामा रकाना

नागपूर,
वैशाख वद्य अष्टमी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतर तुला पत्र नाही, आणि फोनवर जे होते त्याला मी बोलणे मानत नाही. घरी सर्व ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, माझी साखर ताब्यात आहे, ऊन दरवर्षीसारखेच आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर, रात्र सरता सरता, जे दिसले ते मी घरात कोणाला सांगितलेले नाही, वसंतालाही नाही. ते ज्याला सांगावे असा तुझ्यावाचून दुसरा माणूस मला सुचत नाही.

पाणवठा आपलाच. त्याचे नाव या पत्रात लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते पुढे तुझ्या ध्यानात येईल. काठावर वाकडा अर्जुन आहे आणि वसंताच्या घोरण्याने गव्यांचा अख्खा कळप पाणी न पिता तिथूनच माघारी फिरला होता, एवढी खूण तुला पुरे. (वसंत अजूनही तो आवाज अस्वलाचा होता असेच सांगतो, आणि वहिनी अजूनही ‘ते अस्वल रोज आमच्या घरी झोपते’ असे उत्तर देतात.) आता तिथे सौरपंप बसला आहे, मचाण लोखंडी झाले आहे, आणि आपण ज्याला प्राण्यांची प्रगणना म्हणत होतो त्याचे नाव निसर्गानुभव झाले आहे. नोंदणी करायची, शुल्क भरायचे, दुपारी मचाणावर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. पाणवठ्यावरच्या आकड्यांना आता पूर्वीचे मोल नाही हे तूच मला समजावले होतेस. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ उरलेच नाहीत हे 2005 साली उघड झाले, ठशांवरून केलेल्या मोजणीवरचा विश्वास उडाला आणि त्यानंतर जंगलात आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरा ट्रॅप आले. तरीही वनखाते तक्ता देते, आपण तो भरतो, आणि दोन-चार दिवसांनी वर्तमानपत्रांत ‘इतके वाघ, इतके बिबट, इतकी अस्वले’ अशी बातमी येते. तुझ्या हातून अशा बातम्या दर उन्हाळ्यात गेल्या आहेत.

यंदा सोबतीला तिथल्याच गावचे सुखदेवभाऊ होते. संध्याकाळी मोर आणि रानडुकरे आली, रात्री सांबरे आली, एक अस्वल पिल्लाला पाठीवर घेऊन आले आणि बराच वेळ चिखलात बसून राहिले. चांदणे भरपूर होते, पण चांदण्यात रंग कळत नाहीत हे तुला ठाऊक आहे, म्हणून मी मुद्दाम सांगतो की पुढचे मी चांदण्यात पाहिलेले नाही. पूर्वेला उजाडले होते. अर्जुनावरच्या वानराने एकदा आवाज दिला आणि सुखदेवभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नाल्याच्या अंगाने बिबट आला आणि तो काळा होता. मचाणापासून तीस-पस्तीस पावलांवर तो पुढचे दोन्ही पाय दुमडून, खांदे वर काढून पाणी पीत होता. जीभ पाण्याला लागल्याचा आवाज वर ऐकू येत होता. प्यायल्यावर तो उठला, आडवा वळला, तेव्हा तिरप्या उजेडात त्याच्या कुशीवरचे ठिपके दिसले. काळ्या चंद्रकळेवर काळ्याच धाग्याची बुट्टी असावी तसे. ते ठिपके मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मला मीही विश्वासार्ह वाटलो नसतो. तो आमच्याकडे वर पाहून शांतपणे परत नाल्यात उतरला. श्रीधर, इतकी वर्षे आपण जंगलात गेलो, पण असे काही पाहण्याची इच्छासुद्धा मी कधी धरली नव्हती. मला रडू आले हे तुला सांगायला संकोच वाटत नाही.

मग मांडीवरचा तक्ता. प्राणी, संख्या, वेळ, नर की मादी, आणि शेवटी शेरा. मी ‘बिबट’ लिहिले, ‘1’ लिहिले, वेळ लिहिली आणि पेन थांबले. सुखदेवभाऊ माझ्या पेनाकडे पाहत होते. मी विचारले, ‘काय करू?’ ते म्हणाले, ‘लेहा नाही तं नोका लेहू, तुमचं तुमी पाहा जी. माह्या पोराची गाडी मात्र उभीच आहे गेटवर.’ एवढे बोलून ते डबा आवरू लागले. मी शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवून सही केली आणि तक्ता देऊन आलो.

यात खोटे काहीच नाही, असे मी मनाशी रोज म्हणतो. काळा बिबट ही वेगळी जात नव्हे. आई आणि बाप दोघांकडून तो सुप्त गुण आला की ठिपक्यांच्या बिबटीणीच्या पोटीही काळे पिल्लू जन्मते, त्यामुळे ‘बिबट, 1’ ही नोंद अक्षरशः खरी आहे. दाट, ओल्या जंगलांत असे बिबट त्या मानाने जास्त दिसतात, आपल्या ऐन-धावड्याच्या कोरड्या रानात फार क्वचित, आणि नेमक्या याच कारणाने तो शेरा मोलाचा आहे हेही मला कळते. खात्याच्या कॅमेऱ्यांत तो कधीच येऊन गेला असेल आणि जाणत्या अधिकाऱ्यांनी तोंड मिटून ठेवले असेल, असे मी धरून चाललो आहे. पण ते माझे धरून चालणे आहे.

तू आत्ता काय म्हणतोस ते मला इथे बसून ऐकू येते: लोकांना कळले तरच ते राखतात. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या रांगेत, 1 मे च्या उन्हात, तू तेच म्हणाला होतास. 1817 च्या नोव्हेंबरात जिथे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली तो किल्ला शहराच्या ऐन मध्यावर उभा आहे, आणि 26 जानेवारी, 1 मे व 15 ऑगस्ट सोडले तर सामान्य माणसाला आत जाता येत नाही, म्हणून नागपूरकराला तो आपला वाटतच नाही, असे तुझे म्हणणे होते. मी म्हणालो होतो की म्हणूनच तिथे बदामात कोरलेली नावे नाहीत. मग तू गोंदियाचे सारस काढलेस. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः त्या जिल्ह्यात टिकला, तो शेतकऱ्यांना आपल्या धानाच्या बांधीतले घरटे कळले आणि त्यांनी ते राखले म्हणून, हे तुझे बोलणे मला तेव्हाही खोडता आले नव्हते आणि आजही येत नाही. पण आंब्याच्या ढोलीतल्या घुबडाची बातमी तूच छापलीस, पुढच्या रविवारी त्या झाडाखाली जत्रा भरली आणि ढोली रिकामी झाली, हे मला विसरता येत नाही. त्या पायी आपण कितीतरी महिने बोललो नाही. तुझ्या आईंनी दोघांना एका ताटात वाढले तेव्हा कुठे तोंडे उघडली.

आणि आता गर्दी तेव्हाच्या रविवारची राहिलेली नाही. ‘जय’ हा वाघ नागझिऱ्यातून 2013 साली उमरेड-कऱ्हांडल्यात उतरला तेव्हा त्या जंगलाचे नाव नागपूरबाहेर कोणी घेत नव्हते. त्याच्यामुळे गाड्या आल्या, गावात पैसा आला, आणि 2016 च्या एप्रिलनंतर तो दिसेनासा झाला तेव्हा सारा महाराष्ट्र त्याला शोधत होता. त्याच जंगलात 2024 च्या 31 डिसेंबरला एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह जिप्सींनी पुढून-मागून अडवून धरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवायचे हा नियम त्या जिप्सींतल्या प्रत्येक चालकाला पाठ असणार. मागच्या सीटवरचा माणूस ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणतो आणि त्याच्याच बक्षिसावर घरचा किराणा अवलंबून असतो, तेव्हा वीस मीटर किती उरतात, सांग. 2018 च्या मे महिन्यात ताडोबात काळा बिबट दिसला त्याची छायाचित्रे कुठे कुठे पोचली ते तू पाहिलेस. कर्नाटकातल्या कबिनीच्या एका काळ्या बिबट्यासाठी जगभरातून छायाचित्रकार येऊन मुक्काम ठोकतात. आपल्या त्या लहान पाणवठ्यावर, एकाच रस्त्यावर, तसे झाले तर तो प्राणी पाणी प्यायला कुठे जाईल? वैशाखात दुसरे पाणी दूर आहे आणि मध्ये गाव आहे.

असे म्हणून मी ठाम होतो, आणि मग सुखदेवभाऊंचा मुलगा डोळ्यांपुढे येतो. तुला तो हाफपँटमध्ये आठवत असेल. त्याने कर्ज काढून जिप्सी घेतली आहे आणि त्या गेटवर वाघ सहसा दिसत नाही म्हणून पर्यटक शेजारच्या गेटवर जातात. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले होते तेव्हा गाइडांच्या घरी चूल कशी पेटत होती ते तू गावोगाव फिरून लिहिलेस, आणि तुझे सर्वांत चांगले लिखाण मी तेच मानतो. रानडुकरे शेत खातात ते त्यांचे, वाघ गाय मारतो ती त्यांची, आणि जंगलाने एकदा काही देऊ केले तर ते शहरातला पाहुणा रकाना कोरा ठेवून झाकून टाकतो. हा अधिकार मला कोणी दिला? तो बिबट सुखदेवभाऊंनीही माझ्याइतकाच पाहिला. त्यांनी मुलाला सांगितले असेल का, हेही मला माहीत नाही. त्यांनी सांगितले तर तो त्यांचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते. पण ते सांगणार नाहीत, आणि ते माझ्या रिकाम्या रकान्याचा मान राखून सांगणार नाहीत, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

निदान 30 जूनपर्यंत तरी थांबावे असे ठरवले आहे. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, पाऊस लागला की नाल्यानाल्यांत पाणी होते आणि कोणत्याही प्राण्याला एका डबक्यावर विसंबावे लागत नाही. तेव्हा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना समक्ष भेटून, कागदावर न आणता सांगता येईल. गाड्यांची संख्या आणि तो रस्ता यांचा बंदोबस्त आधी आणि बातमी मागून, असे होऊ शकेल का? तू इतकी वर्षे त्या कचेऱ्यांत वावरलास, तुला अंदाज असेल.

हर्षदाचे ठरले हे वसंताकडून कळले. फार आनंद झाला, तारीख नक्की झाली की कळव, आम्ही सगळे येऊ. मोतीबिंदूचे काम लग्नाआधी उरकून घे. नाशिकचे घर विकणार आहेस हे खरे का?

रविवारी सुखदेवभाऊंकडे जाणार आहे. गाडीच्या दोन-तीन हप्त्यांपुरती मदत मला सहज करता येईल आणि घरातूनही कोणी नाही म्हणणार नाही. पण ती आत्ता दिली तर सुखदेवभाऊंना ती गप्प राहण्याची किंमत वाटेल का, या एकाच प्रश्नापाशी मी अडलो आहे. तू त्यांना माझ्याइतकाच ओळखतोस. रविवारच्या आत लिहून कळव, फोन करू नकोस. आमच्याकडे फोन आईजवळ असतो आणि तिला सगळे ऐकू येते.

वहिनींना नमस्कार, हर्षदाला आशीर्वाद.

तुझा,
मनोहर